पिवळा दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका : बीएस-६ मोटरसायकलचा बिघाड कसा वाचायचा

सोयाबीनची काढणी झाली की गावागावांत मोटरसायकलींच्या मीटरवर पिवळा दिवा लागण्याचा हंगाम सुरू होतो. पोती घरात येतात, पोत्यांमागे उंदीर येतात आणि ओसरीत किंवा कोठ्यात उभ्या केलेल्या गाडीच्या टाकीखालची वायरिंग त्यांना आयतीच सापडते. मग एक दिवस इंजिनाच्या चित्राचा तो दिवा पेटतो. मालक तालुक्याला जातो आणि गॅरेजच्या दारातूनच सांगतो, "मिस्त्री, गाडीचा सेन्सर गेला नं. नवा टाकून द्या."

सेन्सर बहुतेक वेळा गेलेला नसतो. गेलेली असते वायर, कपलरमधली (वायरी जोडणाऱ्या प्लगमधली) एखादी पिन, नाहीतर बॅटरीची अर्थिंग. पण गाडीतला संगणक, म्हणजे ईसीएम, 'वायर कुरतडली' असे कधीच सांगणार नाही, कारण ते त्याला दिसतच नाही. त्याला फक्त वायरीतून येणारे व्होल्ट दिसतात. घरात बल्ब लागला नाही तर तो बल्ब गेला, वायर तुटली की डीपीवरचा फ्यूज उडाला, हे खाटेवर पडून कळत नाही. ईसीएमची गत तीच आहे. तो म्हणतो, 'या लाइनीत गडबड आहे.' पुढचा शोध आपला.

सीट आणि साइड कव्हर स्वतः काढू शकणाऱ्या, मल्टीमीटर हातात धरायला न घाबरणाऱ्या मालकासाठी हा लेख आहे. कार्बोरेटरवर हात बसलेल्या आणि आता इंजेक्टरच्या (ईसीएमच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्या पुढ्यात येऊ लागलेल्या गावच्या मिस्त्रीसाठीही आहे.

आपल्या गाडीत ही सोय आहे का

१ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुरावरचे बीएस-६ नियम लागू झाले. त्याआधीच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्या कार्बोरेटरच्या होत्या. त्यांच्यात कोड, म्हणजे ईसीएमने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, निघत नाही, त्यामुळे तो वाचणारे यंत्र, म्हणजे स्कॅनर, घेऊन मागे लागण्यात अर्थ नाही. बीएस-६ बरोबर इंजेक्टर आला आणि ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःला तपासत राहण्याची यंत्रणाही आली. पहिल्या टप्प्यात काम मर्यादित होते: प्रदूषणाशी संबंध असलेल्या सेन्सरची वायर तुटली का, शॉर्ट झाली का, एवढेच पाहायचे. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात सेन्सर जोडलेला आहे एवढ्यावर न थांबता तो नीट काम करतो का आणि इंजिन मिसिंग करते का, म्हणजे मधूनच पेट्रोल पेटायचे चुकते का, हेही तपासले जाऊ लागले. एप्रिल २०२५ पासून नियम आणखी एक पायरी वर गेले. म्हणून एकाच मॉडेलच्या २०२१ च्या आणि २०२४ च्या गाडीत सारखेच कोड निघतील, असे धरून चालू नका.

ओळखण्याची खूण सोपी आहे. चोकची खटकी नसेल आणि चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक आवाज येत असेल, तर गाडी इंजेक्टरची. चावी ऑन केल्यावर इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. बाजारातून सेकंडहँड गाडी घेताना हे नक्की बघा. चावी फिरवूनही दिवा लागतच नसेल, तर गाडी निरोगी आहे असे समजू नका. दिवा खराब असेल, नाहीतर विकणाऱ्याने त्याची सोय लावली असेल.

ईसीएमला नेमके काय दिसते

हा भाग जरा सावकाश वाचा, पुढचे सगळे यावरच उभे आहे.

ईसीएम बहुतेक सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा देतो. उदाहरणार्थ थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे ॲक्सिलेटर किती पिळला हे सांगणारा. त्याला तीन वायरी: एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. ॲक्सिलेटर सोडलेला असताना सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो, पूर्ण पिळल्यावर साडेचारच्या आसपास. सेन्सर मुद्दामच असा बनवतात की तो शून्यावर कधी जात नाही आणि पाचावरही नाही. खालची आणि वरची ही रिकामी जागा म्हणजेच बिघाड ओळखण्याची युक्ती. सिग्नल शून्याला टेकला किंवा पाचाला भिडला, की ईसीएमला कळते की हे ॲक्सिलेटरचे काम नाही, लाइनीत काहीतरी बिघडले.

तापमानाच्या सेन्सरला दोनच वायरी असतात. तो थंड असला की त्याचा रेझिस्टन्स जास्त आणि तापला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास मिळतो. ईसीएम आतल्या एका रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सरवर किती उरतात ते मोजतो. आता वायर तुटली तर काय होईल? करंट वाहणारच नाही, पूर्ण ५ व्होल्ट तसेच दिसतील. ईसीएमच्या हिशेबात एवढे व्होल्ट म्हणजे भयंकर थंडी. म्हणून मे महिन्यात, चंद्रपूरच्या भर उन्हात, स्कॅनर इंजिनाचे तापमान उणे ४० दाखवतो. हसू येते, पण बिघाड तिथेच सापडलेला असतो. उलट ती वायर चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) घासून शॉर्ट झाली, तर व्होल्ट शून्य आणि आकडा शंभराच्या खूप वर.

म्हणून दोन वायरींच्या सेन्सरसाठी एवढे पाठ ठेवा: कोडमध्ये 'हाय' असेल तर आधी तुटलेली वायर किंवा सुटलेला कपलर शोधा, 'लो' असेल तर चेसीला घासलेली वायर शोधा. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये थोडा फरक पडतो. ५ व्होल्टची वायर तुटली तर सिग्नल 'लो' येतो, अर्थिंग तुटली तर 'हाय'.

आणखी एक गोष्ट, जी गॅरेजात फार उपयोगी पडते. ५ व्होल्टची लाइन आणि सेन्सरची अर्थिंग अनेक सेन्सरमध्ये सामायिक असते. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर तीन-चार सेन्सर एका रात्रीत मेले, असे होत नाही. सामायिक वायर गेली आहे, ती शोधा.

याशिवाय ईसीएम ताळमेळही पाहतो. ॲक्सिलेटर पूर्ण पिळला आहे असे एक सेन्सर सांगतो आणि इनटेकमधली (इंजिनात हवा शिरण्याच्या मार्गातली) हवा मात्र बंद थ्रॉटलसारखी विरळ आहे असे दुसरा, तर दोघांपैकी एक खोटा. इंजेक्टर, इग्निशन कॉइल आणि ऑक्सिजन सेन्सरचा हीटर यांना तो स्वतः करंट जोडतो-तोडतो आणि त्या वेळी व्होल्ट हवे तसे खालीवर झाले का, ते पाहतो. नाही झाले की त्या सर्किटचा कोड.

मिसिंग ओळखण्याची पद्धत मला सगळ्यांत आवडते. क्रँकबरोबर (इंजिनाच्या फिरत्या दांड्याबरोबर) फिरणाऱ्या चाकावर दाते असतात आणि समोरचा सेन्सर प्रत्येक दात गेल्याची वेळ नोंदवतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटले की क्रँकला धक्का बसतो आणि पुढचे दाते किंचित लवकर जातात. एखादा ठिणगीचा फेरा वाया गेला तर तो धक्का बसत नाही, दाते रेंगाळतात. ईसीएम हे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक मोजतो. पांदणीच्या रस्त्यावर चाक आदळले तरी चेनमधून क्रँकला हिसका बसतो, म्हणून एकदोन वेळा रेंगाळल्याने दिवा लावला जात नाही. ठराविक फेऱ्यांत किती वेळा असे झाले, याचा हिशेब धरला जातो.

दिवा कधी लागतो, कधी विझतो

वायर तुटण्यासारखा सरळ विजेचा दोष असेल तर दिवा लवकर लागतो. इतर दोषांत ईसीएम घाई करत नाही. दोष पहिल्यांदा दिसला की तो 'पेंडिंग' म्हणून लिहून ठेवतो. गाडी बंद होऊन पुन्हा सुरू झाली, चालली आणि तोच दोष परत दिसला, की कोड पक्का होतो आणि दिवा पेटतो. त्या क्षणी स्पीड किती, आरपीएम किती, तापमान किती, याचीही नोंद ठेवली जाते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. ग्राहक म्हणतो "कधी कधी झटके मारते" आणि गॅरेजात आल्यावर गाडी शहाण्यासारखी वागते, तेव्हा हीच नोंद कामाला येते.

गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी; दोष गेला तर अशा सलग तीन फेऱ्या निर्दोष झाल्यावर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र लगेच पुसला जात नाही. इंजिन थंड अवस्थेतून नीट तापण्याच्या ४० फेऱ्या दोषाशिवाय झाल्या की तो जातो. म्हणजे पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी शिरून दिवा लागला आणि ऊन पडल्यावर विझला, तरी मागची नोंद पुढे कितीतरी दिवस काढता येते.

दिवा स्थिर असेल तर गाडी घरी नेता येते. ईसीएम गेलेल्या सेन्सरच्या जागी ठरावीक आकडा धरून भागवून घेतो. मायलेज पडते, पिकअप कमी होतो, सकाळी जड सुरू होते, पण चालते. दुसऱ्या टप्प्याच्या गाडीत चालताना दिवा लुकलुकू लागला तर बहुधा जोरदार मिसिंग चालू आहे. तेव्हा ॲक्सिलेटर कमी करा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो भयंकर तापतो. अशी गाडी सोयाबीनच्या कुटारावर किंवा वाळल्या गवतावर अजिबात उभी करू नका.

कोड काढायचा कसा

कंपनीच्या पुस्तकात निदान-कपलरची जागा दिलेली असते. नसेल तर सीटखाली, बॅटरीजवळ, साइड कव्हरमागे शोधा. झाकण लावलेला, कुठेच न जोडलेला कपलर दिसेल. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत तो लाल रंगाचा, सहा पिनांचा असतो. कारचा सोळा पिनांचा असतो, म्हणून मधली जोडवायर लागते.

मोबाइलशी ब्लूटूथने जोडणारा छोटा ॲडॉप्टर आणि एखादे ओबीडी ॲप, एवढ्यावर बऱ्याच गाड्यांचे कोड निघतात. पण स्वस्तातल्या नकली ॲडॉप्टरवर विसंबू नका. स्कॅनरशी काही गाड्या के-लाइन या पद्धतीने बोलतात, काही कॅन या पद्धतीने, आणि नकली वस्तूला यातले एखादे धड जमत नाही. ॲप जोडले जात नाही म्हणजे ईसीएम गेला, असा निष्कर्ष काढून ग्राहकाला घाबरवणे बरोबर नाही. सुरुवातीच्या काही बीएस-६ गाड्यांना कंपनीचाच स्कॅनर लागतो. तिथे शोरूममध्ये फक्त कोड काढून आणा आणि तो कागदावर लिहून घ्या. 'सेन्सरचा प्रॉब्लेम आहे' एवढे तोंडी ऐकून परत येऊ नका.

स्कॅनरशिवायही मार्ग आहे. होंडाच्या अनेक इंजेक्टर गाड्यांत दिवाच उघडझाप करून आकडा सांगतो: १.३ सेकंदांची लांब चमक म्हणजे दहा, अर्ध्या सेकंदाची छोटी चमक म्हणजे एक. दोन लांब, एक छोटी म्हणजे २१, तो ऑक्सिजन सेन्सरचा. सात छोट्या म्हणजे तापमान, आठ म्हणजे थ्रॉटल, नऊ म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान, बारा म्हणजे इंजेक्टर.

स्कॅनर जोडताना चावी बंद, जोडल्यावर ऑन. काम झाले की ॲडॉप्टर काढून ठेवा. रात्रभर लावून ठेवलात तर सकाळी सेल्फ मारायला बॅटरी कमी पडू शकते.

आणि कोड पुसायची घाई करू नका. आधी पक्के कोड, पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेम, तिन्हींचे स्क्रीनशॉट घ्या. पुसले की सगळा पुरावा गेला.

कोडची बाराखडी

कोड एक अक्षर आणि चार आकड्यांचा असतो. 'पी' म्हणजे इंजिन आणि त्याची यंत्रणा, 'सी' म्हणजे ब्रेकसारखे चेसीवरचे भाग, 'यू' म्हणजे संगणकांमधला आपसातला संवाद. पुढचे शून्य असेल तर तो सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागेचा आकडा विभाग सांगतो: १ हवा-इंधन, २ इंजेक्टरचे सर्किट, ३ ठिणगी आणि मिसिंग, ४ प्रदूषणाची यंत्रणा, ५ वेग आणि आयडलिंग.

आपल्याकडे वारंवार भेटतील असे सांगतो. पी०१०७ आणि पी०१०८ इनटेकमधल्या हवेच्या दाबाचे, पी०११२ आणि पी०११३ हवेच्या तापमानाचे, पी०११७ आणि पी०११८ इंजिनाच्या तापमानाचे, पी०१२२ आणि पी०१२३ थ्रॉटलचे. या जोड्यांत आधीचा 'लो', नंतरचा 'हाय'. पी०१३१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट कमी, पी०१३५ म्हणजे त्याच्या हीटरचे सर्किट. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी पडते. पी०२०१ इंजेक्टरचे सर्किट, पी०३०१ पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, पी०३३५ क्रँक सेन्सर, पी०३५१ इग्निशन कॉइल, पी०५६२ व्होल्टेज कमी.

आता हाताने काम

कोड कोणताही असो, पहिले मल्टीमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर हवी. सेल्फ मारताना १० च्या फार खाली जाता कामा नये. इंजिन रेस केल्यावर साडेतेरा ते पावणेपंधराच्या दरम्यान. बॅटरी पडलेली असेल तर ईसीएम कसलेही कोड देतो आणि माणूस दिवसभर त्यांच्यामागे धावतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर मरतात आणि लग्नसराईत गाड्या रात्रभर मांडवाशी चावी ऑन ठेवून उभ्या असतात, त्याचेही हे फळ.

मग अर्थिंग. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. दशांश एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगचा नट उघडा, गंज आणि रंग पॉलिश पेपरने खरवडा, पुन्हा आवळा. क्रॅश गार्ड किंवा कॅरिअर जोडताना कोणी अर्थिंगची वायर रंगावर आवळून ठेवली असेल, तर दोष इथेच मिटतो.

तिसरी जागा कपलर. ओढून नाही, खटकी दाबून सोडवा. आत हिरवट थर, ओल, चिखल, मागे सरकलेली किंवा वाकलेली पिन बघा. काळ्या मातीचा चिखल एकदा कपलरला चिकटून वाळला की ओल धरून ठेवतो. नाला ओलांडणाऱ्या गाडीत आणि प्रेशरच्या पाण्याने धुतलेल्या गाडीत ही जागा आधी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, परत बसवा. कितीतरी दिवे इथेच विझतात.

आता पी०११८ घेऊन पूर्ण रस्ता चालून बघू.

गाडी रात्रभर थंड झालेली असताना सकाळी स्कॅनर लावा. इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन. या वेळी हवेचे तापमान आणि इंजिनाचे तापमान जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेएवढे दिसले पाहिजे. हवा २६ दाखवते आणि इंजिन उणे ४०, म्हणजे सर्किट उघडे आहे. इंजिनाच्या सेन्सरचा कपलर काढा. कपलरच्या वायरिंगकडच्या दोन टोकांना तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा आणि स्कॅनर बघा. आकडा उणे ४० वरून एकदम वरच्या टोकाला उडाला, तर वायर शाबूत आणि ईसीएमही शाबूत. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांत आहे. आता सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा आणि तो खरोखर उघडा निघाला तर खुशाल नवा घ्या. आकडा हललाच नाही, तर सेन्सरला हात लावू नका. दोष बहुधा सेन्सर आणि ईसीएमच्या मधल्या वायरीत आहे.

ही जोडून बघण्याची युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. थ्रॉटलच्या, दाबाच्या सेन्सरला, इंजेक्टरला किंवा कॉइलला असे करायला जाल तर ईसीएम जळू शकतो. मग सेन्सरची किंमत स्वस्त वाटू लागेल.

वायर शोधताना बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि दोन्ही टोकांचे कपलर सोडवून मल्टीमीटरने सलगपणा तपासा. उंदीर बहुतेक टाकीखाली, एअर फिल्टरच्या डब्यामागे आणि सीटखाली बसतो. बाहेरून टेप शाबूत आणि आत तांबे तुटलेले, असेही होते. हँडलच्या मानेजवळ वायरिंग रोज वळते, तिथे दोष येतो-जातो स्वरूपाचा असतो. स्कॅनरवर आकडे चालू ठेवून हँडल डावी-उजवी फिरवा, वायरिंग हलवून बघा. ज्या क्षणी आकडा उडी मारतो, तिथे बोट ठेवा.

जोड देताना पिळून टेप लावणे हेडलाइटला चालते, सेन्सरला नाही. पावसाळ्यात तांब्यावर थर चढतो, रेझिस्टन्स वाढतो आणि सिग्नल खोटा येतो. सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी चढवा. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या, तंबाखू असे उपाय लोक करतात. वास टिकतो तोवर ते चालतात. माझ्या मते वायरिंगवर कडक प्लास्टिकची नळी चढवणे आणि गाडी पोत्यांपासून लांब उभी करणे, हेच खरे.

जिथे कोड थोडा खोटे बोलतो

पी०१३१ किंवा पी०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सरवर खापर फुटते. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात असतो. तापल्यावर पातळ मिश्रणाला ०.१ व्होल्टच्या जवळ आणि घट्ट मिश्रणाला ०.९ च्या जवळ दाखवतो. चांगल्या गाडीत हा आकडा सतत खालीवर नाचतो. तो कायम खाली पडून आहे याचे दोन अर्थ: सेन्सर मेला, किंवा सेन्सर खरे बोलतो आणि पेट्रोल खरेच कमी पडते आहे. दुसरीच शक्यता आधी तपासा.

इनटेकचे रबर उन्हाने तडकले असेल, तर तिथून जास्तीची हवा शिरते. सायलेन्सरच्या तोंडाची गॅस्केट फुटली असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. पंपाचा दाब कमी असेल, अनेक गाड्यांत तो ३ बारच्या आसपास लागतो, तरी तेच. आणि पेट्रोल. किराणा दुकानातल्या बाटलीतून घेतलेल्या पेट्रोलमध्ये काय आहे, कोण सांगणार! इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉलसह तळाशी बसते आणि पंप तळातूनच ओढतो. थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून ठेवून बघा, दोन थर दिसले तर सेन्सरला दोष देऊ नका. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवून गाडी चालवणारेही पंपाचा जीव घेतात, कारण पंपाला थंड ठेवणारे पेट्रोलच असते.

दाबाच्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद, चावी ऑन असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. आपल्या मैदानी भागात, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, तो ९६ ते ९८ किलोपास्कल यायला हवा. उंच डोंगरावरच्या चिखलदऱ्याला तीच गाडी नेली तर ९० च्या खाली येईल, तो बिघाड नाही.

पी०३०१ मध्ये प्लग, प्लगची टोपी, कॉइल या क्रमाने बघा. त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन पडते आणि मिसिंग येते, पण टॅपेटसाठी वेगळा कोडच नाही.

क्रँक सेन्सरचा त्रास वेगळाच. मेमधल्या दुपारी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालून मध्येच बंद पडते, कडूनिंबाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू. आतली बारीक तार तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर जुळते. याच्या जागी ईसीएम कोणताही ठरावीक आकडा धरू शकत नाही, म्हणून इंजिन सरळ बंद. अनेकदा कोडही राहत नाही. रेझिस्टन्स गाडी गरम असतानाच मोजा, थंड सेन्सर तपासून काहीच कळणार नाही.

गाडी आडवी पडून उचलल्यावर सुरू होत नसेल, तर कोड शोधण्याआधी चावी बंद करून पुन्हा ऑन करा. गाडी पडल्याचे ओळखणारा सेन्सर इंधन तोडतो आणि चावी फिरवेपर्यंत सोडत नाही. साइड स्टँडची खटकी चिखलाने अडकली तरी गाडी तशीच वागते.

क्लच प्लेट, चेन, ऑइल, घासलेले ब्रेक शू यांतले काहीही हा दिवा सांगत नाही.

कोड पुसल्यावर

दुरुस्ती झाली की स्कॅनरने कोड पुसा. सायलेन्सर किंवा गार्डला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरी आणि ईसीएमचा कपलर आधी काढा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंप देताना प्लस-मायनस दोनदा बघा.

पुसल्यानंतर लगेच 'झाली दुरुस्त' म्हणून गाडी ग्राहकाच्या हाती देऊ नका. थंड गाडी सुरू करा, दोन-तीन मिनिटे आयडलिंगवर ठेवा, मग दहा-पंधरा किलोमीटर चालवा. त्यात गावातला हळू वेग, डांबरी रस्त्यावरचा एकसारखा वेग आणि ॲक्सिलेटर एकदम सोडून गाडी गिअरमध्येच हळू होऊ देणे, हे तिन्ही आले पाहिजे. बंद करून थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा. मग पेंडिंग कोडची यादी उघडा. तिथे तोच कोड असेल तर वायर अजून कुठेतरी दुखावलेली आहे. 'हाय' जाऊन त्याच सेन्सरचा 'लो' आला असेल, तर जोड देताना तुमचीच वायर कुठेतरी चेसीला टेकली आहे, तिथे परत जा.